मेच्या सुट्टीत मुलांना गाण्यांचे कार्टूनपट : कुठले दाखवावेत आणि नंतर काय बोलावं?

खाजणवाट

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत मे महिन्यात शनिवार-रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर मुलांना अॅनिमेशनपट दाखवायचं घाटतंय. प्रोजेक्टर एका चाकरमानी दादांनी दिलाय, पडद्याला चादर आहे, स्पीकर भजनी मंडळाचा. मुलं सहा ते बारा वर्षांची. निम्मी गावची, निम्मी मुंबई-ठाण्याहून आजोळी आलेली.

गोची तिथेच आहे. मुंबईच्या पोरांना हे सिनेमे पाठ. गाणं सुरू व्हायच्या आधीच ती गातात, पुढे कोण मरणार तेही सांगून मोकळी होतात. गावची मुलं मग मागे सरकतात आणि थोड्या वेळाने मागे दंगा सुरू. एरवीही आंबे काढायचा झेला कुणी धरायचा, पहिली बॅटिंग कुणाची, यावरून सुट्टीच्या सुरुवातीला दोन तट असतातच. म्हणून मैत्री, एकमेकांना सांभाळून घेणं, राग-हेवा-रडू आलं तर त्याचं काय करायचं, हे ज्यात आहे असं काही सुचवा. गाण्यांचेच हवेत. भाषा अडली तरी गाणं अडत नाही, असा माझा अंदाज.

एक अट आहे. सिनेमा संपल्यावर "यातून काय शिकलात?" हे मी विचारणार नाही. ते विचारलं की मुलं मला हवं ते उत्तर देतात आणि घरी जातात.

तिरफळ

फ्रोझन, मोआना, कोको, एन्कांटो. चार शनिवार झाले. रविवारी सुट्टी घ्या. चुरमुऱ्यांचा खर्च माझ्याकडे लागला.

जुना_टेपरेकॉर्डर

तिरफळ, यादी झकास. पण फ्रोझन लावणार असाल तर ते प्रसिद्ध गाणं जरा नीट बघा.

'लेट इट गो' पोरी हात पसरून, ओढणी उडवत गातात. जिंकल्याचं गाणं म्हणून. सिनेमात काय चाललंय? हातातून बर्फ निघणारी राणी एल्सा डोंगरावर एकटी बर्फाचा महाल उभारतेय, आयुष्यात पहिल्यांदा तिला मोकळं वाटतंय, आणि तिकडे खाली तिचं अख्खं राज्य गोठून गेलंय. तिला पत्ताच नाही. लहानपणापासून आईबापांनी हातमोजे घालून सगळं आत दाबायला शिकवलेलं, त्याचं हे दुसरं टोक : आता मला कुणाचंच काही नको. सिनेमा दोन्ही टोकं मोडीत काढतो, पण ते या गाण्याच्या बरंच नंतर. तोवर प्रेक्षक नाचून दमलेले असतात.

आधीच्या पटकथेत एल्सा चक्क खलनायिका होती. क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या नवराबायकोने हे गाणं केलं आणि ते ऐकल्यावर कथाच फिरवली गेली. २०१३ च्या त्या सिनेमाला दोन ऑस्कर मिळाली, त्यातलं एक या गाण्याचं.

मला विचाराल तर धाकट्या अॅनाचं गाणं धरा. बंद दाराशी उभी राहून ती बहिणीला खेळायला बोलावते ते. आधी चिमुरडी, मग जरा मोठी, मग आईवडील गेल्यानंतरची. दार एकदाही उघडत नाही. शेवटी दाराच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी, दोघी जमिनीवर बसून. रुसलेल्या भावंडाच्या दाराशी जायला कुठल्या पोराला शिकवावं लागत नाही. दार उघडलंच नाही तर काय करायचं, हे मात्र मोठ्यांनाही ठाऊक नसतं. तिथे थांबा आणि विचारा मुलांना.

मोरीचं_सार

मोआनाच्या बापाशीक सगळेच वायट म्हणतत. माका त्या पिक्चरात तो एकटोच शाणो वाटलो. चेडू एकटा होडी घेऊन भायर निघाला तर खयचो बापूस गप रवतलो?

थट्टा जाऊ दे. आम्ही दर्यावरचीच माणसं, म्हणून सांगतो. मोआनाचा बाप तिला खडकाच्या रांगेपलीकडे जाऊ देत नाही, कारण तरुणपणी तो स्वतः गेला होता आणि त्याचा जिवाभावाचा मित्र बुडाला होता. त्याचा राग म्हणजे भीती आहे. आमच्याकडे १ जूनपासून मासेमारी बंद होते, त्याच्या आधीच्या दिवसांत वारा फिरायला लागलेला असतो. होडी यायला उशीर झाला की आई दिवसभर पोरांवर खेकसत असते. पोरांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं. होडी लागली की तीच आई हसते. किनाऱ्यावरच्या पोरांना एवढंच विचारा : घरात कुणी ओरडलं तर तो माणूस रागावलाय की घाबरलाय, ते कसं ओळखता? बघा कशी उत्तरं येतात.

शेवटी ती आगीची राक्षसीण अंगावर येते तेव्हा मोआना लढत नाही. समुद्राला बाजूला व्हायला सांगते आणि गात गात तिच्यासमोर चालत जाते. फार मोठी जागा आहे ती. (चिडलेल्या आईसमोर हा प्रयोग करू नये, अनुभव आहे.)

पण एकजूट म्हणाल तर या सिनेमात बोंब. गाव मागे राहतं, सोबतीला असलेला अर्धदेव माउई मध्येच रुसून जातो, कोंबड्याचा उपयोग शून्य. सगळं एकट्या पोरीवर, अडलं की समुद्र मदतीला. एकजूट बघायची तर पोरांना रापणीला न्या. जाळ्याच्या दोन दोऱ्या किनाऱ्यावर, दोन्हीकडे माणसांच्या रांगा. एका बाजूने जास्त जोर लावला की जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. जोर किती लावायचा हे पलीकडच्या रांगेकडे बघून ठरतं. मग वाटे पडतात. भांडणंही होतात, पण जाळं बाहेर आल्यावर.

कडक_चहा

आमच्या लहानपणी भावना 'हाताळायला' वेळ नव्हता. रडलो तर आणखी एक मिळायची. सगळे नीट वाढलो. पोरांना दशावतार दाखवा, रात्रभर बसतील.

खाजणवाट

कडक_चहा, दशावतार आमच्याकडे जत्रेत होतोच आणि पोरं बसतातही. संकासुर आला की किंचाळतात आणि शेवटपर्यंत त्याच्याच मागे असतात. भीतीचं काय करायचं ते तिथे शिकतात की. मेमध्ये मात्र सगळी जत्रा आटपलेली असते हो.

मोरीचं_सार, वाक्य उचललं आहे. रागावलाय की घाबरलाय.

उभादांडा

एकजुटीचा विषय निघालाच आहे तर परदेशात कशाला जायचं? 'एक अनेक और एकता'. फिल्म्स डिव्हिजनची १९७४ ची छोटी फिल्म, दूरदर्शनवर बघून आमची पिढी मोठी झाली. चिमण्या दाण्याला भुलून जाळ्यात अडकतात, सगळ्या मिळून जाळ्यासकट उडतात, उंदीर जाळं कुरतडतात. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अॅनिमेशन भीमसेन यांचं. सर्वोत्तम शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय तिला.

आता आपल्या अभिमानाचा भाग. संगीत वसंत देसाईंचं. हे आमच्या कुडाळ तालुक्यातल्या सोनवड्याचे. 'ऐ मालिक तेरे बंदे हम' आणि 'हमको मन की शक्ति देना' या शाळाशाळांत म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थना त्यांच्याच. कोरसमध्ये पोरांचे आवाज कसे बसवायचे हे या माणसाला पुरतं कळलेलं होतं. आणि त्या फिल्ममधला कोवळा आवाज साधना सरगम यांचा, त्या दाभोळच्या. म्हणजे एकीचं सगळ्यात गाजलेलं हिंदी बालगीत निम्मं कोकणाचं आहे! कुणी मान्य करो न करो, मी सांगत सुटतो.

मूळ गोष्ट पंचतंत्रातली, 'मित्रसंप्राप्ती' या दुसऱ्या तंत्रातली. तिथे चिमण्यांऐवजी कबुतरं आहेत. राजा चित्रग्रीव सगळ्यांना घेऊन हिरण्यक उंदराकडे उतरतो. उंदीर मित्राचे पाश आधी तोडायला धावतो, तर राजा म्हणतो, आधी माझ्या माणसांचे तोड. हा तुकडा फिल्ममध्ये नाही. तेवढा तुम्ही तोंडी सांगा, कारण 'सगळे मिळून उडाले' यापेक्षा तोच जास्त अवघड आहे. झेला आधी कुणी धरायचा या भांडणावर तर रामबाण.

फिल्म काही मिनिटांचीच आहे, यूट्यूबवर सहज मिळते, आणि मुंबईच्या पोरांना ती पाठ नसेल.

तिरफळ

शेवटच्या वाक्याला +१. पहिल्या दिवशी हेच लावा, सगळे एका रेषेवर.

कळव्याची_मावशी

मी त्या 'मुंबईच्या पोरांची' आई. दरवर्षी दोन मुलं घेऊन आजोळी येते. आमची पोरं शहाणपणा करतात हे खरंच, पण दुसरी बाजूही आहे. त्यांना पोहता येत नाही, माडावर चढता येत नाही, विहिरीतून कळशी ओढता येत नाही. गावची पोरं हसतात. मग ती ज्यात पुढे आहेत ते पुढे करतात, म्हणजे सिनेमे आणि गाणी. हेवा दोन्हीकडे आहे.

म्हणून माझं मत एन्कांटोला. २०२१ चा, कोलंबियातल्या एका मोठ्या कुटुंबाचा. घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराला काही ना काही जादू येते, एकट्या मिराबेलला नाही. त्यात मोठी बहीण लुईसा, गाढवंसुद्धा खांद्यावर उचलणारी, गाण्यात सांगते की सगळं पेलता पेलता आपण पिचत चाललोय. गाणं ऐकायला धमाल, ठेका असा की पाय थांबत नाहीत, आणि शब्द भीतीचे. माझ्या धाकट्याला ते गाणं फक्त 'भारी' वाटलं होतं. थोरली मात्र दोनदा ऐकून म्हणाली, "आई, ही रडतेय ना खरं तर?" थोरल्या मुलींना ते लगेच कळतं. का ते वेगळं सांगायला नको.

आणि ज्याच्याबद्दल घरात बोलायचं नाही तो ब्रुनो मामा! त्याच्याबद्दल न बोलण्याचं गाणं अख्खं घर गातं. २०२२ मध्ये अमेरिकेत ते गाणं पहिल्या क्रमांकावर होतं, लिन-मॅन्युएल मिरांडाचं. आपल्याकडे प्रत्येक घराण्यात एक ब्रुनो असतो, हे वाडीच्या ओट्यावर बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा. :)

मोरीचं_सार यांच्यासाठी : शेवटी घर कोसळतं तेव्हा गावकरी येऊन पुन्हा उभं करायला हात लावतात. म्हणजे एकजूट अगदीच नसते असं नाही.

मोरीचं_सार

मावशी, मान्य. पोहायला शिकवायची जबाबदारी आमच्या पोरांवर सोडा. बदल्यात गाणी शिकवा.

नियमबाज

रसभंग करतो, माफ करा. ओटीटीची घरगुती वर्गणी घरातल्या पाहण्यासाठी असते. तिकीट नसलं तरी वाचनालयाच्या ओट्यावरचा खेळ हा सार्वजनिक खेळ. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या उपक्रमाला सवलत आहे, पण प्रेक्षक म्हणजे त्या संस्थेचे शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेली माणसं एवढेच. जिल्हा परिषदेच्या शाळेत केलंत तर गावच्या मुलांचं भागेल, आजोळी आलेल्यांचं कसं बसवणार? आणि वर्गणीच्या अटी वेगळ्याच.

कडक_चहा

घ्या. म्हणून म्हटलं दशावतार.

मंडणगडची_बाई

मी प्राथमिक शाळेत शिकवते. नियमबाजांच्या मुद्द्यावर तोडगा असा की मोठे सिनेमे ओट्यावर नकोतच. मुलांनी ते घरी बघावेत, पाच-सहा जण एका पडवीत, आणि गट करताना गावची-मुंबईची मिसळून. ज्यांच्याकडे वर्गणी आहे त्यांचा फोन किंवा टीव्ही, ज्यांच्याकडे पडवी मोठी त्यांची पडवी. ओट्यावर यायचं ते गाण्यावर बोलायला आणि काहीतरी करायला.

आता बोलायचं काय. मी वर्गात एकच करते. एक गाणं निवडायचं आणि विचारायचं : गाणं सुरू झालं तेव्हा तिच्या मनात काय होतं, संपलं तेव्हा काय? मध्ये कुठे बदललं? चांगल्या गाणीपटात गाणं संपताना पात्र सुरुवातीला होतं तिथे उरत नाही. मुलं हे फार बारीक पकडतात, कारण इथे बरोबर उत्तर नाही आणि उपदेशही नाही. बोलायचं नसेल तर अंगाने दाखवा म्हणायचं. खांदे कसे होते, मग कसे झाले. न बोलणारी मुलं इथे पुढे येतात.

यासाठी कोको (२०१७) सारखा सिनेमा नाही. त्यातलं मुख्य गाणं वेगवेगळ्या तऱ्हांनी येतं. मोठा स्टार ते झगमगाटात, प्रेक्षकांकडे हात करून गातो. मग कळतं की ते मुळात एका बापाने आपल्या लेकीसाठी केलेलं, दूर जाताना म्हणायचं, हळू आवाजातलं. शेवटी सिनेमाचा छोटा नायक मिगेल तेच गाणं म्हाताऱ्या पणजीला, म्हणजे त्याच लेकीला, म्हणून दाखवतो. शब्द तेच, चाल तीच. कुणासाठी गायलं यावर ते गाणं काय आहे ते ठरतं. आमच्या वर्गात ज्यांचे वडील मुंबईला किंवा बोटीवर आहेत अशी मुलं बरीच. सिनेमातला बापही कामासाठीच घर सोडतो. एका मुलाने विचारलं, "तो फोन का नाही करत?" सगळे हसले, मग कुणीच हसेना. मी काही बोलले नाही, पुढचा भाग लावला.

'इनसाइड आउट' गाणीपट नाही, पण त्यातला एक प्रसंग मी शिक्षक मैत्रिणींना हटकून सांगते. त्यात एका मुलीच्या मनातल्या भावनाच पात्रं आहेत, आणि बिंग बाँग हा तिचा लहानपणीचा काल्पनिक मित्र. त्याची गाणं म्हटलं की उडणारी गाडी खड्ड्यात ढकलली जाते. तो खचून बसतो. आनंद त्याला गुदगुल्या करते, तोंडं वेडावते, चल चल म्हणते. काही होत नाही. दुःख येऊन नुसती शेजारी बसते आणि म्हणते की त्यांनी तुझी आवडती वस्तू घेतली, वाईट झालं. तो रडतो आणि उठतो. कडक_चहा, रडल्यावर 'आणखी एक' देण्याला हा पर्याय आहे, वेळही फार लागत नाही. मिनिटभराचं काम.

कडक_चहा

बाई, वाचलं. नातवावर करून बघतो. दशावतार मागे घेणार नाही.

जुना_टेपरेकॉर्डर

शेजारी बसण्यावरून 'ट्रोल्स' (२०१६) आठवला. रंगीबेरंगी आणि कानठळ्या बसवणारा, मला निम्मा सोसत नाही. पण ब्रँच म्हणून जो एक करडा, कधीच न गाणारा ट्रोल आहे, तो गात नाही कारण लहानपणी तो गाण्यात गुंग असताना त्याची आजी पकडली गेली. पुढे सगळ्यांना हसवणारी पॉपी हरते, करडी पडते, आणि तेव्हा तिच्यासाठी गातो तो हाच. नेहमी हसवणाराच खचला तर? वर्गातल्या विदूषकाला विचारून बघावं.

गेल्या वर्षी गाजलेला के-पॉप डीमन हंटर्स (२०२५) मुंबईची पोरं मागतील. मैत्रिणींपासून लपवलेल्या गोष्टीमुळे नायिकेचा आवाजच साथ देईनासा होतो, ही कल्पना उत्तम. मात्र राक्षस बरेच आहेत, सहा वर्षांच्यांना नको.

हुडूक

उशिरा आलो. 'काहीतरी करायला' म्हणालात ना बाई, तर आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीला एक चक्कर मारा. ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे एकेक चित्र समोर धरायचं आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने गात गात गोष्ट पुढे न्यायची. चित्रांच्या अशा एका संचाला पोथी म्हणतात. कळसूत्री बाहुल्याही तिथेच. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, गोठ्यात उभारलेलं त्यांचं संग्रहालय बघण्यासारखं आहे. चित्र आणि गाणं मिळून गोष्ट सांगायची, हे इकडे वीज यायच्या आधीपासून चालू आहे.

ओट्यावर असं करा. प्रत्येक गटाने आपल्या सिनेमातलं एक गाणं घ्यायचं आणि त्याची पाच चित्रांची पोथी करायची. चित्रं काढणारे, गाणारे, टाळ धरणारे, चित्र उलटणारा. उलटणारा सगळ्यात महत्त्वाचा. तो घाईत असला की गोष्ट पुढे आणि गाणं मागे. मोरीचं_सार यांच्या रापणीचंच गणित.

मोरीचं_सार

बरोब्बर. आणि चाल आपली लावा. भजनाची.

खाजणवाट

मंडळी, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. नियमबाज, तुमचेही आभार, प्रोजेक्टरवाल्या दादांना समजावून सांगितलं. तीन पडव्या ठरल्या. आमची, पोस्टाशेजारची आणि शेवटच्या वळणावरच्या काकूंची. काकूंची अट एकच, आमरस सांडला तर ज्याने सांडला त्याने पुसायचा.

पहिल्या शनिवारी ओट्यावर 'एक अनेक' झालं. उभादांडा म्हणाले तसं, कुणालाच पाठ नव्हतं आणि अंधार पडेपर्यंत सगळ्यांना पाठ झालं. चित्रग्रीवाचा तुकडा तोंडी सांगितला. एका गावच्या पोराने लगेच अडवलं, "राजाचे पाश राहिले आणि उंदराचे दात दुखायला लागले तर?" ठाण्याची एक मुलगी म्हणाली, "म्हणून तर बाकीच्यांनी थांबायचं ना, उडून नाही जायचं." यावर दोघांचं बराच वेळ चाललं, मी मध्ये पडले नाही.

मोआना पडव्यांत बघून झालाय. रागावलाय की घाबरलाय, या प्रश्नावर एकाने थेट आजोबांचं नाव घेतलं आणि आजोबा मागेच बसले होते. ते म्हणाले, "घाबरलेलो असतो रे मेल्या." पुढचा प्रश्न पोरांनीच त्यांना विचारला, कशाला घाबरता म्हणून. त्यांनी सांगितलंही, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पोथ्यांचं काम सुरू आहे. काकूंच्या पडवीवाल्यांनी ब्रुनोचं गाणं घेतलंय. मुंबईच्या मुलीने शब्दांचा अर्थ सांगितला, गावच्या दोघांनी त्यावर मालवणीत ओळी जुळवल्या, आणि भजनी मंडळातला दहा वर्षांचा पखवाजी मूळ ठेका ऐकून म्हणाला, "ह्यो असो नाय, असो व्हयो." आता ठेका कुणाचा ठेवायचा यावरून दोन तट आहेत, पण दोन्ही तटांत गावची आणि मुंबईची पोरं सारखीच. हुडूकदादा, रविवारी जमत असेल तर या. निवाडा तुमच्यावर सोडलाय.

हुडूक

येतो. दोन्ही ठेके तयार ठेवायला सांगा. टाळ मी आणतो, तिकडचे फुटके असतात.